भिंतीकडची खाट

४ मार्च
लागली एकदाची नोकरी! यकृताच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांचं रक्त तपासायचं. प्लेटलेट, प्रथिनं, पांढऱ्या पेशी यांवरून यंत्र एकच आकडा काढतं: माणूस किती जगेल. मोठे डॉक्टर म्हणाले, आजवर एकदाही चुकलेला नाही. यंत्र जुळवायला निरोगी रक्त लागतं, ते नव्या माणसानं द्यायचं अशी इथली रीत. दिलं! ताईचं ऑपरेशनही इथंच होणार आहे, म्हणजे दुधात साखर.

९ मार्च
आकडा का चुकत नाही ते कळलं. आकडा मोठा आला की खिडकीकडची खाट, डॉक्टरांच्या फेऱ्या, गरम सूप. लहान आला की भिंतीकडची खाट. तिकडे कुणी फिरकत नाही. सिस्टर म्हणाल्या, फुटक्या माठात पाणी कशाला ओतायचं? माणूस गेला की डॉक्टर सांगायला मोकळे, बघा, म्हटलं नव्हतं? तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी नवी, पुढच्याचं रक्त यंत्राला लावलं.

१४ मार्च
ताईचं ऑपरेशन झालं. तिच्या रक्ताची नळी माझ्याच हातात आली. गुपचूप लावून पाहिली. आकडा भिंतीकडचा. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिच्या नळीवर माझं लेबल लावलं, माझ्या नळीवर तिचं. ताईला खिडकी मिळाली.

१७ मार्च
ताई सूप पिते, सिस्टरची नक्कल करते. माझ्या नावावरचा आकडा मात्र सगळ्यांनी वाचलेला दिसतोय. डबा उघडला तर टेबल रिकामं झालं. चहावाला मला वगळून गेला. हसू आलं. मी धडधाकट आहे, रक्त तिचं आहे!

२० मार्च
डोळे पिवळे दिसतात. आरसाच तसा असेल. अन्न जात नाही. माझ्या जागेवर नवा माणूस, हसतमुख. आजच रक्त दिलं म्हणे—

२२ मार्च
भिंतीकडची खाट. कुणी आणलं, आठवत नाही. हाका मारतो, कुणी वळत नाही.

२३ मार्च
ताई आली. सगळं सांगितलं— म्हटलं, डॉक्टरांना सांग, तो आकडा तुझा आहे. खूप रडली. माझ्या कपाळावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, छोट्या, आता नको बोलूस रे, मला इकडे आणून टाकतील.

२५
तहान. पेला लांब आहे. ताई घरी चाललीय, माझ्या खाटेसमोरूनच— ओरडलो. तिनं पाहिलं नाही, सगळे पाहत नाहीत तसंच.
सिस्टर, तो आकडा माझा न—