मागची डावी सीट

प्रिय ताई,

गाडी घेतली. जुनीच आहे, पण चांगली लांबरुंद. मागे तिघं ऐसपैस बसतात. चालवताना रस्ता पाण्यासारखा खालून सरकतो आणि घरातच बसल्यासारखं वाटतं.

खोड एकच. मागच्या डाव्या सीटवर कोणी नसलं, तरी कोणीतरी बसलंय असं धरून ती ‘पट्टा लावा’ म्हणून टुकटुक करत राहते. बायको म्हणते, “म्हातारी झालीय, भास होतात तिला.”

आईला दवाखान्यातून घरी आणलं, त्या दिवशी तू उशिरा आलीस म्हणून मी फुगलो होतो. आपल्या छोट्या गाडीचं दार लावत म्हणालो, “जागा नाही, तू बसने ये.” जागा होती गं. मागच्या सीटवरच्या पिशव्या मांडीवर घेता आल्या असत्या. तू घरी आलीच नाहीस, ती आजतागायत.

काल मेकॅनिक त्या टुकटुकीची वायर काढायला वाकला. “पाच मिनिटांचं काम. इथे बसतं कोण?”

“राहू दे,” मी म्हटलं. “ताई बसते.”

तुझा पत्ता आहे माझ्याकडे, धीर नाही. पत्र तुझ्या सीटवर ठेवून पट्टा लावतोय.

जागा धरून बसलेला,
तुझा धाकटा