उत्तरदात्री क्रमांक तीन आणि राहते घर

मी, समाजशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. तो मागितल्यामुळे त्यांना थोडी शंका आली, ते वेगळे.

१. माझ्या एकटीच्या नावावर असलेले राहते घर माझ्यामागे, दादा गेल्यावरही माझ्यासोबत राहणाऱ्या वहिनींना मिळावे. बहिणीच्या मुलाला देऊ नये; तो ते आठवड्याच्या आत विकेल आणि वहिनी या वयात रस्त्यावर येतील.

कारण लिहिणे भाग आहे. जेवणाच्या टेबलावरील सत्तासंबंध हा माझ्या प्रबंधाचा विषय, आणि वहिनी त्यातल्या उत्तरदात्री क्रमांक तीन. आई, दादा आणि मी जेवत असताना त्या उभ्या राहत. उभे राहून त्या घरावर वचक ठेवतात, असे मी चाळीस पानांत सिद्ध केले. छापून आल्यावर वहिनींनी ते वाचले.

"अहो, माणसं चार, खुर्च्या तीन. विचारायचं तरी!"

मी विचारले नव्हते. निरीक्षण चालू होते.

तेव्हापासून अठरा वर्षे त्या मला 'होय', 'नाही' किंवा 'सांगता येत नाही' एवढेच उत्तर देतात. याहून वेगळे काही विचारले तर पर्याय मागतात.

२. विभागप्रमुखांना माझा जाड शब्दकोश. दुसऱ्या आवृत्तीसाठी मी 'खुर्च्या कमी होत्या, चूक माझी' असे लिहून दिले होते. त्यांनी त्याचे 'आसनव्यवस्थेतील संरचनात्मक अभाव' केले. मी मागितलेली माफी वहिनींना कळलीच नाही.

३. टेपरेकॉर्डर शेजारच्या शिंपीदादांच्या मुलाला. वह्या विद्यार्थ्यांना, पण फक्त कोऱ्या. भरलेल्या रद्दीत घालाव्यात.

४. सहीपूर्वी घडले तेही नोंदवते. साक्षीदाराला मिळकत मिळत नाही, असे वकिलांनी सांगताच वहिनींनी साक्षीदार म्हणून सही करायला पेन उचलले.

"मला तुमचे उपकार नकोत."

"मग जाल कुठे?"

"पर्याय द्या."

"एक, याच घरात. दोन, याच घरात. तीन, वरीलपैकी दोन्ही."

"वन्सं, असली प्रश्नावली विद्यार्थ्यानं आणली असती, तर त्याला घरी पाठवलं असतंत."

"पाठवलंच असतं."

त्यांनी पेन साक्षीला आलेल्या शिंपीदादांच्या हातात दिले.

मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही), डॉक्टर (सही)
ठिकाण: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा