हेसेलचं काचघर आणि माझा इंटरप्रिटर

४ मे
आजपासून राग बंद. बायको निन्के म्हणाली, "राग काढायला माणसं कशाला लागतात तुला? वहीत लिही." म्हणून ही वही. खरं तर मी शांत माणूस. प्रिंटर मी फेकला नव्हता. हातातून निसटला, खिडकी उघडी होती, इतकंच.

नवं काम हातात घेतलंय. निन्केचा भाऊ हेसेल, त्याचं बर्लिकुमला ढोबळ्या मिरचीचं काचघर आहे. छपराच्या खिडक्या एक प्रोग्राम उघडतो-मिटतो. तो ज्या इंटरप्रिटरवर चालतो, म्हणजे जो त्या प्रोग्रामच्या ओळी वाचून मशीनकडून करून घेतो, तो हेसेलने आयता डाउनलोड केलेला. आयता! मी सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बिल्ड करून देणार. कंपायलरचे सगळे ऑप्शन माझ्या मुठीत. वेग दुप्पट.

हेसेल म्हणाला, "दाजी, चालतंय ते चालू द्या की." अडाणी.

६ मे, सकाळ
घरी माझ्या मशीनवर कॉन्फिगर करायला बसलो. ऑप्टिमायझेशन कमाल. शिवाय 'फक्त याच प्रोसेसरसाठी' हा खास ऑप्शन. खाली सूचना: दुसऱ्या मशीनवर चालेलच असं नाही. असल्या ओळी भित्र्यांसाठी असतात.

दुपार
एरर. कुठलीशी लायब्ररी नाही म्हणे. कीबोर्ड गुडघ्यावर मोडला. स्वस्तातला होता. गुडघा सुजलाय.

९ मे
लायब्ररी मिळाली. आता चाचण्या नापास. चाचण्याच वगळायचा ऑप्शन सापडला. प्रश्न मिटला.

शेजारचा डौवे भिंत ठोकून ओरडला, "अरे, खून पडतोय की काय तिकडे?" मीही ठोकलं. भिंत पातळ निघाली. आता त्याचं स्वयंपाकघर दिसतं. वाटाण्याचं सूप होतं.

११ मे, रविवार
बिल्ड झालं! हेसेल चर्चमध्ये. बरंच झालं, मधे मधे लुडबुड नको. त्याच्या काचघरातल्या जुनाट मशीनवर माझा इंटरप्रिटर बसवला, आयता पुसून टाकला. परतीची वाट ठेवतो तो कसला मर्द.

चालू केला. मेला. त्या जुनाट प्रोसेसरला माझे हुकूमच कळेनात. पडद्यावर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. बेकायदा? मी? मशीनला लाथ घातली. आधी निदान पडदा तरी चालू होता.

ऊन चढलं. छपराच्या खिडक्या गच्च बंद. आत भट्टी. मिरच्यांनी माना टाकायला सुरुवात केली. मी डोकं शांत ठेवलं आणि फावडं उचललं. पहिली काच फुटली तेव्हा, खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. मग थांबता येईना. काचांचा पाऊस. हात रक्ताळला, तरी हाणत राहिलो. पिकासाठी.

हेसेल रविवारच्या कोटात धावत आला. "दाजी! अहो, दाराशी हिरवं बटण आहे! खिडक्या हातानेही उघडतात!"

मी शांतपणे सांगितलं, बटणावर तसं लिहायला हवं.

"लिहिलंय!"

लिहिलं होतं. मी त्याच्या नाकावर मारलं. त्याने माझी कॉलर धरली, आम्ही मिरच्यांत लोळलो. मग त्यानेच सोडलं मला. नाकातून रक्त ठिबकत असताना तो गुडघ्यांवर बसून रोपांच्या पानांतून काचा वेचू लागला. मी फावडं धरून उभा.

१३ मे
निन्के तिकडेच आहे, काचा वेचायला. फोनवर म्हणाली, "हेसेल म्हणतो, दाजींवर राग नाही. फक्त त्यांनी इकडे येऊ नये." आयता इंटरप्रिटर दुसऱ्या मशीनवर परत बसलाय. चालतोय म्हणे.

बदनामी होण्याआधी पुरावा हवा. माझ्या मशीनवर दोन्ही चालवून वेग मोजला. माझा किंचित जलद. दोन्ही इंटरप्रिटर डोळ्याची पापणी लवायच्या आत काम संपवतात. मग आठवलं, मोटर खिडकी उघडायलाच चार मिनिटं घेते.

टेबलावर मूठ आपटणार होतो. हाताला टाके आहेत. राहू दिलं.