वरची ओळ

६ जानेवारी २०१४, गोंदिया
आजपासून सर्जरीवर. दोन वर्षं अमेरिकेतल्या सर्दी-खोकल्याला कोड लावले, आता ऑपरेशनचे रिपोर्ट. तिकडे डॉक्टर पोटात काय केलं ते बोलतो, कोणीतरी टाइप करतं, आणि आम्ही इथे मिठाईच्या दुकानावरच्या मजल्यावर बसून त्या ऑपरेशनचा आकडा शोधतो. आकडा चुकला की विमा कंपनी बिल परत पाठवते. टीम लीड मिश्रा सर म्हणाले, काही दिवस तुझी प्रत्येक फाइल मी तपासणार. तपासा. मी परत सर्दी-खोकल्यावर जाणार नाही.

९ जाने.
दिवसभर गॉलब्लॅडर, म्हणजे पित्ताची पिशवी. दुर्बिणीने काढली तर ४७५६२, पोट उघडून काढली तर ४७६००. आता झोपेतून उठवलं तरी सांगीन.
गंमत म्हणजे ही पिशवी मी लहानपणापासून बघतेय, माशाच्या पोटात. नवेगावला माय बाजारात मासे कापून देते, तेव्हा बोट घालून हिरवी पिशवी अलगद सोडवते. फुटली तर मासा कडू, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला हजर. रिपोर्टातला डॉक्टर तेच करतो, फक्त पानभर इंग्रजीत.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ मिळाला, वर बोलणीही. रिपोर्टच्या वरच ठळक लिहिलेलं, दुर्बिणीने पिशवी काढली. मी ४७५६२ ठोकून मोकळी. आत तिसऱ्या परिच्छेदात होतं की सगळं चिकटलेलं, काही दिसेना, म्हणून दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडलं. म्हणजे ४७६००. मिश्रा सरांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "ऊपर की लाइन तो सोचा हुआ है मॅडम. नीचे पढ़ो, क्या किया."
रडू येत होतं. नाही रडले. उद्यापासून वरची ओळ हाताने झाकून वाचणार, कोणी हसलं तर हसू दे.

१९ जाने., रवि., नवेगाव
माय अंगणात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. उजव्या बरगडीखाली दुखतं, मग पाठीकडे जातं. दिवाळीपासून सोडा पिऊन काढतेय बाई, आणि मला फोनवर रोज "बरी हाय". बाबांनाही धड सांगितलेलं नाही. मी तिथे जरा दाबलं तर कळवळली. मला भयंकर राग आला, तिचाही आणि माझाही. दिवसभर जे वाचते ते घरात बसलेलं मला दिसू नये?
उद्या रजा टाकून गोंदियाला नेते. ओरडली तरी नेते.

२१ जाने.
काल सोनोग्राफी झाली. खडे. एक मोठा, बाकी बारीक. डॉ. म्हणाले, पिशवी काढायला हवी, एखादा खडा नळीत अडकला तर कावीळ होईल, थांबण्यात अर्थ नाही.  बसमध्ये माय एवढंच बोलली, "माह्या पोटाले कोनी हात लावाचा नाई." 
बाबा म्हणाले, ती कोणाचं ऐकते. माझं ऐकेल.

२६ जाने., नवेगाव
जिंकले. सकाळपासून मागे लागले होते. पोट फाडत नाहीत माय, चार बारीक भोकं पाडतात, त्यातून काढतात, दोन दिवसांत घरी. हेच पुन्हा पुन्हा, चुलीपाशी, विहिरीवर, जेवताना. संध्याकाळी कंटाळून म्हणाली, बरं. भोकंच ना? भोकंच, म्हटलं.
७ तारीख घेतली.

३० जाने.
आज पुन्हा तसाच रिपोर्ट. दुर्बिणीने सुरुवात, मग पोट उघडलं. बाई मायच्याच वयाची. कोड बरोबर लावला. मिश्रा सर तपासून पुढे गेले, म्हणजे त्यांच्याकडून शाबासकीच. पण डबा खाववेना.
मायला मी फक्त वरची ओळ वाचून दाखवली आहे.
सांगितलं तर नाही म्हणेल. नाही सांगितलं आणि शुद्धीवर आल्यावर तिचा हात मोठ्या टाक्यांवर गेला तर

२ फेब्रु., रवि., नवेगाव
सांगितलं. बाजारात, तिच्या शेजारी बसून खवले काढता काढता. की कधीकधी आत चिकटलेलं असतं, मग पोट उघडावं लागतं. तिने हातातला मासा खाली ठेवला.
"मंग काऊन बोलली, भोकंच पाडतेत म्हून?"
तू यावीस म्हणून, म्हटलं. दुसरं खरं उत्तर नव्हतं.
 तिने दोन गिऱ्हाइकांचे मासे कापून दिले. मला वाटलं, संपलं, आता ही येत नाही. मग एक रोहू कापताना तिने मला कोपराने ढोसलं. पिशवी कलेजीला घट्ट बसलेली होती.
"इकडे पाय. हे चिपकून हाय. भोकातून ओढसीन त फुटते. चिरा वाढवाच लागते." तिने चिरा वाढवला, पिशवी सोडवली, बाजूला टाकली. "तुह्या डाक्टरले सांग, घाई नोको करू म्हना. चिराव लागलं त चीर म्हना."
मग गिऱ्हाइकाकडे वळून भाव सांगायला लागली. मी खाली बघून खवले काढत राहिले. डोळे पुसायला हात स्वच्छ नव्हते.

७ फेब्रु., दवाखाना, गोंदिया
संमतीच्या कागदावर लिहिलंय, दुर्बिणीने, गरज पडल्यास पोट उघडून. मायने सगळं मोठ्याने वाचायला लावलं, खालचं बारीकसुद्धा. "खालचंबी वाच," म्हणाली. मग सही केली, नेहमीसारखी मोठ्या अक्षरांत.
डॉ.ना तिचा निरोप दिला. ते हसतील वाटलं होतं. हसले नाहीत, ती सांगते तसंच करीन म्हणाले.
मिश्रा सरांचा फोन आला. फाइलींबद्दल अवाक्षर नाही. रक्त लागलं तर कळव, माझा गट कोणालाही चालतो, एवढंच.
मायला आत नेलं. जाताना बाबांना म्हणाली, कोंबड्या कोणाकडे सोपवल्या? 
आता बाकावर बसून लिहितेय. बाबा विचारतात, अजून किती वेळ. मी सांगते, ते आत पाहिल्याशिवाय कोणालाच माहीत नाही. दाराशेजारच्या फळ्यावर आजची ऑपरेशनं खडूने लिहिली आहेत. मायचं नाव, वय, पुढे "पित्ताशय, दुर्बिणीने".
मघाशी उठून मी त्या ओळीवर हात ठेवून उभी राहिले.
"काय करून राहिली वं?" बाबांनी विचारलं.
काही नाही, म्हटलं. हात काढला नाही. दार अजून बंद आहे.