बुडाशी टाकलेली भुकटी

बाबा, तुम्ही ज्या काळ्या दगडाची खडी फोडत होतात, त्याचीच भुकटी आम्ही आता संग्रामपूरच्या वरच्या जंगलात पसरतो. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन उतरतं, भुकटीशी मिळतं आणि तो वायू पाण्यातच बांधला जातो. झाडंही जोमानं वाढतात. खरंच तसं होतं का, ते मोजणं माझं काम. तुमचा डबा घेऊन मी क्रशरवर यायची आणि त्या धुळीत बोटानं अक्षरं काढत बसायची. तुम्ही रागवायचात, "तोंडाले फडकं बांध आधी. अक्षरं घरी काढ." स्वतः मात्र उघड्या तोंडानं उभे. तुमच्या छातीत जे बसलं, ते आज मी हातमोजे घालून तोलते.

माझ्यासोबत पुण्याची एक मुलगी आहे. जंगलाचा एक तुकडा तिचा, एक माझा. जिचे आकडे नीट येतील तिला पुढे संशोधनाची जागा, जागा एकच. तिचे वडील मातीचे प्राध्यापक. रोज संध्याकाळी ती टेकाडावर, रेंज मिळते तिथे, उभी राहून त्यांना सगळं सांगते. मला तिचा हेवा वाटतो, बाबा. जेवताना, चालताना, तिची नुसती पाण्याची बाटली दिसली तरी.

गेल्या वर्षी पावसाआधी तिच्या तुकड्यात बाया भुकटी टाकत होत्या. ती टेकाडावर, फोनवर. भुकटी सगळीकडे सारखी फेकायची होती. बाया कपाशीला खत देतात तशी एकेका झाडाच्या बुडाशी मूठमूठ ठेवत होत्या. एकीनं मलाच विचारलं, "ताई, बराबर टाकून राह्यलो ना?"

"तुमच्या ताईले विचारा," म्हणून मी निघून गेले. मागून दुसरी हसली, "हे बी ताई, ते बी ताई. कोणाले विचारावं बाप्पा?"

काल निकाल आले. नमुने दोन झाडांच्या मधल्या मातीचे घेतात. तिच्या मातीत काहीच निघालं नाही. माझं नाव पुढे गेलं. संध्याकाळी ती टेकाडावर रडत होती आणि स्पीकरवर तिचे बाबा शांतपणे विचारत होते, भुकटी कोणी टाकली, कशी टाकली, तू पाहिलंस का.

उद्या सकाळी मी आमच्या प्रकल्पाच्या सरांना सांगणार आहे, की मी पाहिलं होतं. जागा जाईल. पण हे फक्त तुम्हाला: त्या टेकाडाखाली मी रोज बसते, पिशव्या बांधायचं निमित्त करून. तिचे बाबा स्पीकरवर तिला जे समजावतात ते वहीत उतरवून घेते. आणि ते "शाब्बास" म्हणाले की मान मीही हलवते.