पाटाकाठचे चाळीस पॉप्लर

समारा, ४ सप्टेंबर २००४

ती. अदांस तुमच्या लेकाचा, ओदिलचा सलाम. वि. वि.

पुन्हा तेच! गेल्या पत्रात तेच, त्याआधीच्या पत्रातही तेच. मुअत्तरचा निकाल, मुअत्तरची फी, मुअत्तरचं डॉक्टरी कॉलेज. तुमचं पत्र खिशात घालून मी सातव्या मजल्यावर विटा चढवतो आणि दर पायरीला विचार करतो, की हे लिहिणारा माणूस कोण? मला नववीतून उठवून जर्दाळूच्या ट्रकवर बसवताना, शाळेनं कुणाचं पोट भरत नाही असं म्हणालेला माणूस तो हाच का? माझ्या वेळी शाळा वांझ होती, आता लेकीच्या वेळी गाभण झाली वाटतं.

मुलगी चार गुणांनी हुकली. सरकारी खर्चाची जागा गेली, पैसे भरून शिकायची मिळाली. वर्षाचे आठशे वीस डॉलर, म्हणजे गुणाला दोनशे पाच. इतका महाग माल मी समाराच्या बाजारातसुद्धा पाहिला नाही.

नबी अमाकींकडे बघा. तुमचे सख्खे भाऊ. आजोबांनी दोन गायी विकून त्यांना ताश्कंदला इंजिनियर केलं. आज ते बाजारात सूर्यफुलाच्या बिया विकतात आणि पेले मोजताना चुकतात. पदवी काचेत लावलीय, तिच्यावर माशा बसतात. आमच्या टोळीतही एक गणिताचा मास्तर आहे. माझ्या हाताखाली वाळू चाळतो. चाळणी कशी धरायची ते त्याला मी शिकवलं.

आणि कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा काय करणार ती? कापूस वेचणार. कॉलेजच्या पोरांना दर शरदात शेतावर नेतात हे शेंबडं पोरही जाणतं. कापूस तर ती घरी राहूनही वेचते. तुम्ही त्याचे पैसे भरायला निघालात!

ज्या बापाला मुलं शिकवायचीत त्यानं पाळण्यापासून पैसे बाजूला टाकावेत, अठराव्या वर्षी दुसऱ्याच्या झाडांकडे बघू नये. आणि मला विचाराल तर पाळण्यापासूनही टाकू नयेत. एक बकरी घ्यावी. बकरी निदान वर्षाला विते.

मी जन्मलो त्या वसंतात तुम्ही पाटाकाठी चाळीस पॉप्लर लावले, माझ्या घराच्या तुळयांसाठी. सगळेच बाप मुलासाठी लावतात. मुलीला लग्नाची संदूक असते. ओयी तिच्या रजया सतरा वर्षं शिवतेय, तेवढं पुरे. झाडं तोडून फी भरू का म्हणून विचारता, तर नाही. झाडं माझी. हिवाळ्यात मी स्वतः येऊन काय ते बघेन. तोवर तिकडं कुऱ्हाड नेऊ नका. आणि सुतार तुर्घुन उस्ताशी तर या गोष्टीचा शब्दही काढू नका. तो तोंडाचा फाटका आहे.

विटांचं हे काम महिनाअखेर सोडणार. उत्तरेला पगार दुप्पट आहे म्हणतात. ओयीला सलाम. लोभ आहेच, कमी करायचा तर तुमची मर्जी.

ओदिल


चिनोरबुलाक, १५ सप्टेंबर

चि. ओदिल यास अ. उ. आशीर्वाद.

तुझं अक्षर मला लागत नाही, म्हणून पत्र मुअत्तरनं वाचून दाखवलं. बकरीपाशी येऊन ती थांबली, पाणी प्यायली आणि पुढं वाचत गेली. एक शब्द गाळला नाही.

तुला नववीतून मी काढलं हे खरं. पण आठवीचं सबंध वर्ष तू दप्तर मोरीखाली लपवून कालव्यावर मासे धरलेस, हे तू लिहीत नाहीस. बाहेर उभ्या असलेल्याच्या तोंडावर मी दार लावलं, एवढाच माझा गुन्हा.

पैसे बाजूला टाकले नाहीत म्हणतोस. कशात टाकायचे होते? ज्यांनी बँकेत टाकले ते एका सकाळी उठले, तर पासबुकात दोन भाकऱ्यांची किंमत उरली होती. माझ्या बापानं झाडं लावली, म्हणून मी लावली. झाडाला बँकेची बातमी कळत नाही, ते वाढत राहतं. मात्र लेक शिकेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिच्या नावानं चार फांद्या रोवायला मला काय धाड भरली होती? हे मी रोज पाटावर जाऊन म्हणतो.

तुला घर नाही, बायको नाही. तीन वर्षांत चार कामं सोडलीस. तुला तुळया कशाला हव्यात रे? आणि तुळया कशावर टेकवणार, दुसऱ्याच्या भिंतीवर?

तरी झाडं तुझी, म्हणून पुन्हा एकदा विचारतो. पहिला हप्ता एक ऑक्टोबरला भरायचा आहे. हे पत्र आणणारा गाडीवाला रविवारी परत निघतो. नाही म्हणायचं असेल तर नुसतं नाही लिही. बकरी नको.

ओयी तुझी वाट पाहते. का, ते तिलाच ठाऊक.

सोदिक


कापसाच्या शेतावरून, ६ नोव्हेंबर

ओदिलअका यांस सलाम.

पुढं वि. वि. लिहीत नाही, कारण विनंती काही उरलेली नाही.

तुमचं उत्तर आलं नाही, तुर्घुन उस्ता आला. सव्वीस सप्टेंबरला, दोन माणसं आणि दोन करवती घेऊन. फी भरायची म्हणून झाडांचं माप घ्यायला कुणीतरी बोलावलं असेल, असं समजून अदांनी त्याला चहा दिला, वर मनुके दिले. चहा पिऊन झाल्यावर त्यानं कागद काढला. त्यावर तुमची सही, तुम्ही समाराला निघालात त्याच्या आदल्या आठवड्याची. चाळीस झाडं, तीनशे वीस डॉलर, तोड यंदाच्या शरदात. अदांनी तो कागद उलटा धरला, मग सुलटा धरला, मग माझ्या हातात दिला. मी मोठ्यानं वाचला. तुमचं लिखाण वाचायचं काम घरात माझंच आहे.

तेव्हा कळलं, सुताराचं तोंड फाटकं का ठरवलंत ते. झाडं माझी, झाडं माझी म्हणून चार पानं ओरडलात आणि झाडं तीन वर्षांपासून तुर्घुनची! आठ डॉलरला एक दिलंत, अका. बाजारात त्याला वीस येतात. नबी अमाकी पेले मोजताना चुकतात ना?

अदांनी उठून करवतीचं दुसरं टोक धरलं. उस्तालाही लाज वाटली, बसा म्हणाला. अदा म्हणाले, लावली मी, तर पाडायला परका कशाला. चाळीसही झाडं त्यांनी बरोबरीनं पाडली. दोन दिवस लागले. आता ओयी पाटावरून पाणी आणत नाही, लांबच्या नळावर जाते.

मग तिनं माझी संदूक उघडली. बावीस रजया आणि अतलस रेशमाचे दोन तागे. एका सकाळच्या बाजारात सगळं गेलं. एका बाईनं माझ्या लग्नाच्या रजईवर तिथंच आपलं पोर निजवून पाहिलं. ते झोपलं, मग तिनं पैसे दिले. पहिला हप्ता भरला. दुसरा फेब्रुवारीत, चारशे दहा डॉलर. तो नाही भरला तर नाव कापतील. गाय विकू म्हणतात अदा. हे मी मागायला लिहीत नाही. ज्यानं बापाची बावीस वर्षं विकून तिकीट काढलं, त्याच्याकडं काय मागायचं?

आता तुम्हाला तुळया नाहीत आणि मला रजया नाहीत. दोघांच्याही दाराशी कुणी सोयरीक घेऊन येणार नाही. चला, तेवढी तरी बरोबरी झाली.

तुमचं एक बोलणं मात्र खरं निघालं. पाच आठवडे कापूस वेचतेय. बोटं तुमच्या बोटांसारखी झालीत. गोणीवर बसून हाडांची नावं पाठ करते. मनगटात आठ असतात. पाठीच्या कण्याशी आले की तुमची आठवण येते. काहींना तो नसतो, हे पुस्तकात लिहायचं राहिलंय.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

तुमची बकरी,
मुअत्तर


समारा, ३ फेब्रुवारी २००५

ती. अदांस ओदिलचा सलाम. वि. वि.

मुअत्तरचं पत्र पोचलं. उत्तराला तीन महिने लागले, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आताही नाही.

तुर्घुन चोर आहे. आणि चोराला आपण होऊन किल्ली देणारा त्याहून मोठा गाढव, हे तुम्ही लिहायच्या आत मीच लिहून टाकतो. माझ्या रागाचं म्हणाल तर तो कॉलेजवरच आहे. माझं मत तसूभर बदललेलं नाही. ती डॉक्टर होऊन येईल आणि आपल्या गावच्या दवाखान्यात बसेल, तिथं औषध नाही आणि खिडकीला काच नाही. पगारात महिन्याला एक कोंबडी येईल. ती कापायला निदान हाडांची नावं माहीत असतील.

वाळू चाळणाऱ्या मास्तरला मी विचारलं की डॉक्टरकीची सगळी वर्षं धरून फी किती होते. त्यानं बोटानं वाळूवर लिहून दाखवलं. मी ते फावड्यानं पुसलं. त्याच्या बापानं घोडा विकून त्याला शिकवलं म्हणे. मी म्हटलं, घोडा गेला आणि तू चाळणीपाशी आलास, बापाचा राग येत नाही? तर म्हणतो, बापाच्या घोड्यावर बसून इतकी वर्षं तरी वर्गात शिरलो. असले मूर्ख माझ्या हाताखाली आहेत. त्याच्याकडून रोज जेवणाच्या सुट्टीत बेरजा शिकतो, नाहीतर मुकादम मजुरीत फसवतो. दुसरं काही कारण नाही.

उत्तरेला गेलो नाही. तिकडं थंडी फार. विटाच बऱ्या.

पाटाकाठची रांग आता मोकळी असेल. बर्फ वितळलं की फांद्या रोवा. पॉप्लरला अक्कल लागत नाही, चिखलात खुपसला की येतो. कुणाच्या नावानं, ते मला विचारू नका. बकऱ्या तोंड लावणार नाहीत, एवढं बघा.

आणि गाय विकू नका. गाईचं दूध ओयीला लागतं.

गाडीवाल्याच्या हाती पाकीट धाडलंय. ते कॉलेजासाठी नाही. कॉलेजासाठी मी फुटकी कवडी देणार नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. तुर्घुननं मला झाडांचे जेवढे दिले, तेवढे परत करतोय. त्याहून एक कोपेक जास्त नाही. पुढं त्याचं तुम्ही काय करता, चुलीत घालता की कॉलेजात, ते मला कळवायची गरज नाही. पाकीट तुम्हीच उघडा, मुअत्तरला मोजायला देऊ नका. ती बोलेल.

लोभ उरला असेल तर ठेवावा.

ओदिल

सोबत : चारशे दहा डॉलर.