एका ठोक्याला थांबायचं

आप्पा, तुम्ही शिकवलं तशी गाडी चालवली आणि मी परीक्षेत नापास झाले. वय त्रेचाळीस, शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना पास-नापास करणारी बाई, आणि आरटीओच्या मैदानात अठरा-अठरा वर्षांच्या पोरांसमोर गाडीतून उतरले ती मान खाली घालून. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आता तुमच्यावर चिडून काय उपयोग, असं घरचे म्हणतात. उपयोग नाही हे मलाही कळतं. तरी चिडलेय.

तुमची शिकवण्याची तऱ्हा तरी काय होती. जन्मभर एसटी चालवलीत, रिटायर झाल्यावर लिलावातली जुनी जीप घेतलीत आणि पेडगावच्या शिवारात मला स्टेअरिंगवर बसवलंत. बरं, शिकवताना माणसानं चार शब्द बोलावेत. तुम्ही बोलायचाच नाहीत. एसटीत कंडक्टर दोरी ओढतो, एक घंटी वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं, तेवढ्यावर तुमची सगळी नोकरी झाली होती. जीपला घंटी नव्हती, म्हणून तुम्ही बोटांच्या पेरांनी पत्र्यावर ठोकायचात. ठक म्हणजे थांब. ठक ठक म्हणजे चल. समोर म्हैस येवो की विहीर, दुसरा शब्द नाही. एकदा ठोका ऐकूनही मी चार हात पुढे गेले, तर तुम्ही जीपमधून उतरलात आणि तडक घराकडे चालायला लागलात. मी पहिल्या गिअरमध्ये तुमच्या मागनं. सगळा गाव बघतोय. दारात आल्यावर म्हणालात, "डोळे फसवतेत, कान फसवत न्हाईत. घंटी वाजली की पाय आधी, डोकं मागून." बी.एड. करणाऱ्या मुलीला सांगायची ही गोष्ट होती का? पण माझ्या पायानं ती ऐकली, आणि आजतागायत विसरली नाही.

लायसनचा विषय काढला की तुमचं ठरलेलं, "हात बसू दे आधी." हात बसवता बसवता दीड वर्ष गेलं. तोवर डांबरी रस्त्यावर चाक न्यायचं नाही म्हणजे नाही. लायसनशिवाय गाडी रस्त्यावर आणणं म्हणजे तुमच्या लेखी चोरीच. तुम्ही गेलात आणि ते लायसन राहून गेलं ते गेलंच.

आता मायला आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिसला न्यावं लागतं. ती सोनपेठला माझ्याकडेच असते. एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. भाड्याची गाडी सांगावी, तर ड्रायव्हर फोनवर "निघालोच ताई" म्हणतो तेव्हा अजून अंघोळीला बसलेला असतो. तुमच्या जावयांना स्कूटीसुद्धा धड वळवता येत नाही, तेव्हा त्यांचा विषय सोडा. दोनदा तिचं डायलिसिस चुकलं. दुसऱ्या वेळी पायांना अशी सूज आली की चप्पल चढेना, आणि दोन शब्द बोलायलाही तिला दम लागायला लागला. त्या दिवशी मी ठरवलं, लायसन काढायचं, जुनी का होईना गाडी घ्यायची आणि मीच न्यायचं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या पांढऱ्या गाडीवर महिनाभर शिकले. तिचा क्लच कुठं धरतो, ब्रेक किती दाबायचा, सगळं पायाला माहीत झालं होतं. परीक्षेच्या दिवशी स्कूलचा मालक म्हणतो, "मॅडम, तिची क्लच प्लेट गेली. माझी घरची आणलीय. लय भारी हाय, तुमाला कायच करायचं काम न्हाई." काहीच काम नाही म्हणजे किल्लीसुद्धा नव्हती. बटण दाबून चालू करायची. हँडब्रेकच्या जागीही बटण. एवढी उंच की बॉनेट कुठं संपतं ते दिसेना. आणि इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला, वायपरची उजव्या. वळताना मी सवयीनं उजवीकडची दांडी ओढली, तर भर उन्हात कोरड्या काचेवर वायपर खरखरायला लागला. बाहेरची पोरं खिदळली.

शेजारी बसलेले इन्स्पेक्टर तरुण होते, स्वभावानं बरे होते. म्हणाले, "सावकाश घ्या मॅडम." आठाच्या आकड्याचा पहिला फेरा चांगला झाला. दुसऱ्याला निम्म्यात आले आणि त्यांनी हातातलं पेन डॅशबोर्डवर वाजवलं. ठक.

गाडी जागच्या जागी उभी. त्यांचं पेन उडून पायाशी पडलं.

"का थांबलात?"

"तुम्ही ठोकलं ना."

त्यांना आधी कळेना. मग हसले. "अहो ते होय. सवय आहे माझी, तसंच वाजतं हातातून. चला, घ्या पुढे."

तर माझा पाय उचलेना. मी त्यांना म्हटलं, "दोनदा ठोका ना." आप्पा, परीक्षा घेणाऱ्या माणसाला मी हे म्हटलं. त्यांनी ठोकलं नाही, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाले. मी तशीच बसून राहिले. मालक खिडकीशी आला, "मॅडम, रडायलाव का? पहिल्या बारीला लय जण नापास होतेत." त्याला काय सांगणार, मी नापास झाले म्हणून रडत नव्हते.

तुम्ही गेलात त्या सकाळची जीप सगळ्या पेडगावला माहीत आहे. तुमच्या छातीत कळ आली, तुम्हाला मागच्या बाकावर निजवलं, मायनं किल्ली माझ्या हातात कोंबली, "चल बाई, चुलीत गेलं लायसन." आणि जीप घराच्या फाटकातच बंद पडली. परभणीहून दुसरी गाडी यायला सव्वा तास लागला. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला पाहिजे होतं. डॉक्टर असं सगळ्यांनाच म्हणतात, अशी लोकांनी आमची समजूत घातली आणि जुन्या जीपला शिव्या घातल्या. ती भंगारात गेली तेव्हा मीही घातल्या.

जीप बंद पडली नव्हती, आप्पा. फाटकाजवळच्या चरीत चाक गेलं आणि मागून पत्र्यावर ठक झालं. एकदाच. माझा पाय आधी गेला, तुम्ही शिकवलं होतं तसाच, आणि मी किल्ली फिरवून जीप बंद केली. वळून बघितलं तर तुमचे डोळे मिटलेले. माय ओरडत होती, चालव, चालव. मी दुसऱ्या दोन ठोक्यांची वाट बघत बसले. कुणीतरी धावत आलं, काय झालं म्हणून विचारलं, मी म्हणाले बंद पडली, आणि तेच खरं झालं. लायसन नाही म्हणून तुम्हीच मला थांबवलंत, असं मी वीस वर्षं धरून चालले. जीव जातोय तरी माणसाचा नियम सुटत नाही, म्हणून तुमच्यावर मनातल्या मनात संतापत राहिले. त्या इन्स्पेक्टरांनी "तसंच वाजतं हातातून" म्हटलं तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, की चरीत जीप आदळली तसा तुमचा हातही नुसता आदळला असेल. आता कुणाला विचारू? तुम्ही तर तेव्हाही काही बोलला नाहीत.

पुढच्या आठवड्यात परत गेले. क्लच प्लेट अजून आली नव्हती, पुन्हा तीच गाडी. वायपर दोनदा फिरला. इन्स्पेक्टरही तेच, आणि त्यांची सवयही तीच. वळणावर ठक झालं. माझा पाय ब्रेकवर गेला, तो मी उचलला आणि परत ॲक्सिलरेटरवर ठेवला. गाडी थांबली नाही. पास झाले.

काल मायला पहिल्यांदा मी नेलं. जुनीच गाडी घेतली, पण किल्लीची. माय मागच्या सीटवर औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मधी कुणी बी ठोकू दे, आता थांबू नको बाई." मी आरशात बघितलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणजे तिनंही तो ठोका ऐकला होता, आणि वीस वर्षांत एक शब्द काढला नाही. तुमच्या घरात बोलायची पद्धतच नाही.

हे पत्र शाळेच्या वहीतच राहील, पाठवणार कुठं. फक्त एक सांगून टाकते. परीक्षेत ठोका ऐकून मी थांबले नाही हे खरं. पण पाय उचलायच्या आधी आरशात मागची सीट बघून घेतली.